लेझर हेडमधले आरसे काढून लिक्विड क्रिस्टल बसवता येईल का?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका गारमेंटवाल्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे युनिफॉर्मच्या कापडावर लोगो कोरायला आणि ॲप्लिकचे तुकडे कापायला सीओटू लेझर मशीन आहे. किरण फिरवणारं गॅल्व्हो हेड, म्हणजे मोटरवर बसवलेले दोन छोटे आरसे, उन्हाळ्यात दगा देतं. लोगो सरकतो, रेघ कुठे खोल तर कुठे फिकी येते. मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने वाचलंय की लिक्विड क्रिस्टलने लेझरचा किरण वळवता येतो आणि त्यात हलणारा भाग एकही नसतो. घरी जुन्या प्रोजेक्टरचं पॅनेल पडून आहे. ते लावून हेडची कटकट संपवता येईल का? आणि ते नाहीच जमलं तर निदान मुलाचा प्रोजेक्ट तरी होईल का?

हेड बदलता येणार नाही. प्रोजेक्ट मात्र झकास होईल. नुसतं एवढं सांगून भागणार नाही, कारण 'का नाही' हे कळलं तर उद्या कुणी असलं काही विकायला आला तरी तुम्ही त्याला नेमके प्रश्न विचारू शकाल. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत याच जातीच्या पॅनेलांवर काम केलंय आणि आता जुळे सोलापुरात राहतो. त्यामुळे इथल्या मे महिन्याचा हिशेबही या उत्तरात येईलच.

आधी तुमची अडचण नीट मांडू. हलणारा भाग नको, ही तुमची गरज नाही. लोगो जागेवर यावा आणि रेघ सारखी उमटावी, ही गरज आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गॅल्व्होचे आरसे हलतात म्हणून बिघडतात, असं आपण धरून चालतो. कापडाच्या कारखान्यात मात्र बहुतेक वेळा बिघाडाचं मूळ उष्णतेत आणि हवेतल्या कापसाच्या तंतूंमध्ये असतं. त्याकडे शेवटी येतो.

लिक्विड क्रिस्टल किरण वळवतं कसं, ते पाहू. पालखीमागची दिंडी डोळ्यांसमोर आणा. वारकरी ओळी धरून चाललेत. वळण आलं की आतल्या बाजूचे पावलं आखूड टाकतात, बाहेरचे लांब टाकतात. ओळ मोडत नाही, पण तिचं तोंड वळतं. लेझरचा किरण म्हणजे अशाच लाटांच्या ओळी. लिक्विड क्रिस्टलचे रेणू काडीसारखे लांबट असतात आणि प्रकाशाची लाट काडीच्या दिशेने डोलत असेल तर तिचा वेग वेगळा, काडीला आडवी डोलत असेल तर वेगळा असतो (डोलण्याच्या या दिशेला पोलरायझेशन म्हणतात). दोन काचांमध्ये काही मायक्रॉनचा थर भरायचा, काचांवर पारदर्शक विद्युतवाहक लेप द्यायचा आणि काही व्होल्ट लावायचे. काड्या उभ्या राहू लागतात आणि त्या जागेतून जाणारा प्रकाश कमी रखडतो. किरणाच्या एका कडेला जास्त रखडवा, दुसऱ्या कडेला कमी, की किरण वळला.

पण पाच-दहा मिलिमीटर रुंद किरण वळवायचा तर एका कडेला फारच रखडवावं लागेल आणि त्यासाठी थर फार जाड लागेल. इथे एक युक्ती आहे. दिंडीत एखाद्याला बरोबर एका ओळीएवढं मागे ठेवलं, तर तो मागच्या ओळीत चपखल बसतो आणि लांबून बघणाऱ्याला ओळी अखंडच दिसतात. तसंच प्रकाशाला जास्तीत जास्त एका तरंगलांबीएवढं रखडवायचं, मग शून्यावर यायचं आणि परत सुरुवात करायची. करवतीच्या दातांसारखा आकार होतो. याचा फायदा असा की थर पातळ राहतो. लाल लेझर पॉइंटरची तरंगलांबी ०.६५ मायक्रॉन धरा. लिक्विड क्रिस्टलच्या दोन अपवर्तनांकांतला, म्हणजे या दोन दिशांना प्रकाश किती रखडतो त्या आकड्यांतला, फरक साधारण ०.२ असतो. म्हणजे सव्वातीन मायक्रॉनचा थर पुरला. तोटाही त्यातच आहे. 'एका ओळीएवढं' हे माप एका रंगापुरतंच खरं असतं. लाल रंगासाठी बेतलेला दात हिरव्याला चुकीचा पडतो.

आता कोन किती मिळतो ते बघा, कारण इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या फेज पॅनेलमध्ये (लाट किती मागे-पुढे आहे ती तिची फेज) ८ मायक्रॉनचे पिक्सेल असतात. एका दातासाठी ८ पिक्सेल वापरले तर दाताची लांबी ६४ मायक्रॉन. तरंगलांबीला या लांबीने भागलं की कोन निघतो: ०.०१ रेडियन, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. एक मीटरवर ठिपका जेमतेम एक सेंटिमीटर सरकतो. दोन्ही बाजू धरल्या तर दोन सेंटिमीटर. जास्त हवं असेल तर दात आखूड करा. पण ८ पिक्सेलच्या दाताला, बाकी सगळं आदर्श धरून, ९५ टक्के प्रकाश हव्या त्या दिशेला जातो, ४ पिक्सेलला ८१ टक्के, आणि २ पिक्सेलला फक्त ४० टक्के. त्यात आणखी तितकाच उलट बाजूला जातो. म्हणजे कोन वाढवाल तसा प्रकाश हातातून निसटतो. शिवाय काही प्रकाश न वळता सरळच पुढे जातो. प्रयोगशाळेत त्या सरळ ठिपक्यावर काळा कागद लावून भागतं. कापडावर मात्र तो कायमचा डाग पडेल.

तुमचं गॅल्व्हो दोन्ही बाजूंना काही अंश सहज झुलतं आणि खालच्या लेन्समुळे दहा-अकरा सेंटिमीटरचा चौकोन आरामात मिळतो. 'मग पुढे दुर्बीण लावून कोन वाढवू' असं मुलगा म्हणेल. वाढतो, पण कोन दहापट केला की किरण दहापट बारीक होतो आणि तेवढाच जास्त पसरतो. वेगवेगळे ओळखू येणारे ठिपके किती, हा आकडा तोच राहतो आणि तो शेवटी पिक्सेलच्या संख्येवर ठरतो. त्यात लबाडी चालत नाही.

हे झालं लाल प्रकाशाचं. तुमचं मशीन सीओटूचं, म्हणजे तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. इथे विषयच संपतो. साधी काच या तरंगलांबीला भिंतीसारखी असते. म्हणून तर तुमच्या हेडखालची लेन्स पिवळसर दिसते, ती झिंक सेलेनाइडची आहे. काचेवरचा तो पारदर्शक विद्युतवाहक लेप डोळ्यांना पारदर्शक दिसतो, १०.६ मायक्रॉनला तो अपारदर्शक असतो. लिक्विड क्रिस्टलचे रेणूही या पट्ट्यातली ऊर्जा बरीच शोषून घेतात. म्हणजे किरण वळण्याआधी पॅनेलच भाजून निघेल. आणि हे सगळं क्षणभर बाजूला ठेवलं, तरी एका तरंगलांबीएवढं रखडवायला थर लागेल ५३ मायक्रॉनचा.

जाड थराने काय बिघडतं, हे मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण माहितीपत्रकं नेमकं इथेच मौन पाळतात. व्होल्टेज लावलं की काड्या ढकलल्या जातात. हे काम जोर वाढवून लवकर करता येतं. व्होल्टेज काढल्यावर मात्र त्यांना कुणी ओढून आणत नाही. त्या काचेलगतच्या थराच्या आधाराने, स्वतःच्या लवचिकतेने परततात. हा परतीचा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. फाइव्ह-सीबी नावाचा एक प्रसिद्ध पदार्थ आहे. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवला आणि आजचे एलसीडी त्याच घराण्यातले आहेत. त्याचा सव्वातीन मायक्रॉनचा थर साधारण पंधरा मिलिसेकंदांत सैलावतो. ५३ मायक्रॉनला तोच वेळ चार सेकंदांच्या घरात जातो. एका रेघेसाठी चार सेकंद! गॅल्व्हो छोटी उडी एका मिलिसेकंदाच्या आत मारतं. लोगोमध्ये अशा हजारो उड्या असतात.

आता सोलापूरचा मुद्दा. लिक्विड क्रिस्टल ही अवस्था ठरावीक तापमानाच्या पट्ट्यातच टिकते. १८८८ साली फ्रिडरिश रायनित्झर यांना गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या पदार्थाचे दोन वितळणबिंदू दिसले आणि त्यातूनच हे प्रकरण सुरू झालं: एका तापमानाला तो गढूळ द्रव होतो, आणखी तापवला की स्वच्छ. फाइव्ह-सीबी ३५ अंशांच्या आसपास स्वच्छ होतो, म्हणजे काड्या वाटेल तशा विखुरतात आणि व्होल्टेज लावून काही होत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडमध्ये तर बोलायलाच नको. ई-सेव्हन नावाचं मिश्रण साठीच्या जवळपास टिकतं. पण टिकणं वेगळं आणि तसंच वागणं वेगळं. तापमान वाढेल तसा दोन अपवर्तनांकांतला फरक घटत जातो. सकाळी अकराला बसवलेला व्होल्टेजचा तक्ता दुपारी तीनला चुकतो. म्हणजे लोगो सरकण्याची तुमची मूळ तक्रार इथेही आहेच, फक्त कारण बदललं.

मग हे तंत्र वापरतात कुठे? जिथे कोन लहान चालतो, वेग फार लागत नाही आणि अचूकपणा किंवा आकार हवा असतो तिथे. फायबरच्या जाळ्यात एकाच धाग्यातून येणारे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या धाग्यांत पाठवायला असलीच पॅनेल बसवलेली असतात. तिथे अर्धा अंश भरपूर झाला, आणि जोडणी बदलायला काही मिलिसेकंद लागले तरी कुणाचं अडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाशाच्या चिमट्यात पेशी धरून सरकवतात, तिथेही हेच. एका किरणाचे वीस ठिपके करायचे आणि प्रत्येक वेगळा हलवायचा, हे काम आरशाच्या बापाला जमणार नाही. ठिपका त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या कितीतरी लहान हिश्श्याने सरकवणं हीसुद्धा या पॅनेलची खासियत. लेझर मशीनिंगमध्येही ती आलीत. एक मायक्रॉनच्या आसपासचे लेझर, मागून पाणी फिरवून थंड ठेवलेलं पॅनेल, ते एका किरणाचे अनेक किरण करतं. पण पुढे ते किरण कामाच्या तुकड्यावर फिरवायला बहुतेक ठिकाणी गॅल्व्होच असतं! दोघं एकमेकांचे सोबती आहेत. एकाने दुसऱ्याला घालवावं असा मामला नाही.

मोठे कोन हवे असतील तर एक वेगळी वाट आहे आणि तिचं मूळ आपल्याकडे आहे. बंगळुरूला शिवरामकृष्णन पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये दाखवलं की प्रकाशाचं पोलरायझेशन एका अवस्थेतून फिरवत परत मूळ जागी आणलं, तर त्या वाटेमुळेच लाटेला फेज मिळते. थराची जाडी बदलायला नको, व्होल्टेजची करवत नको. काड्यांची दिशा काचेच्या पातळीत हळूहळू फिरवत नेली की तयार होणारी जाळी वर्तुळाकार पोलरायझेशनचा जवळजवळ सगळा प्रकाश एका बाजूला वळवते. पोलरायझेशन उलट केलं की दुसऱ्या बाजूला. कोन ठरलेला असतो, मधला मिळत नाही. पण एक, दोन आणि चार अंशांच्या तीन जाळ्या एकामागे एक ठेवल्या, मध्ये पोलरायझेशन पालटणारे थर ठेवले, तर आठ दिशा मिळतात. हे घरी करायचं काम नाही, पण मुलाच्या सेमिनारला विषय उत्तम.

तर मशीनचं काय करायचं? आधी लक्षणं वेगळी करा. सकाळी थंड मशीनवर एक चौकोन कोरा. तीन तास काम झाल्यावर त्याच कापडावर, त्याच जागी परत कोरा. चौकोन जसाच्या तसा राहून फक्त सरकला असेल किंवा आकाराने बदलला असेल, तर गॅल्व्होची मोटर आणि तिचा ड्रायव्हर तापतोय. ड्रायव्हरच्या पेटीला हवा मिळते का, तिच्या पंख्याची जाळी तंतूंनी बुजली आहे का, ते पाहा. चौकोन जागेवर आहे, पण कडा एका कोपऱ्यात फिकी पडतेय, तर लेन्स किंवा आरसा मळलाय. लेन्सवर चिकटलेला तंतू किरणाने जळतो, काळा डाग होतो, डाग आणखी उष्णता घेतो आणि लेन्स फुगून फोकस हलतो. सगळीकडेच सारखी फिकी पडत असेल, तर हेडला दोष देऊ नका. लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी तापलंय आणि लेझरची शक्ती उतरलीय.

उपाय साधे आहेत. हेडमध्ये कोरड्या, गाळलेल्या हवेचा हलका दाब ठेवा, म्हणजे हवा सतत बाहेर येत राहील आणि तंतू आत जाणार नाहीत. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं, तेव्हा फिल्टर न लावता ती लेन्सवर सोडू नका. धूर ओढणारा पंखा कापडाच्या बाजूने ओढेल असा बसवा. चिलरचं तापमान उन्हाळ्यात हौसेने फार खाली नेऊ नका. पावसाळा सुरू झाला की त्याच सेटिंगवर नळीवर आणि आरशावर दव धरतं. लेन्स पुसायची ती लेन्स टिश्यू आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, एका दिशेने आणि न घासता. टॉवेलांच्या गावात राहून सांगतो, टॉवेल नको. लेन्सला चीर गेली किंवा ती भाजली असेल तर तिची पूड विषारी असते, हातमोजे घाला आणि ती झाडूने उडवू नका. आणि मशीनचं झाकण उघडून मुलाने लेझर सुरू करून पाहायचं नाही. तो किरण दिसत नाही, डोळा मात्र घेऊन जातो.

आता प्रोजेक्ट. प्रोजेक्टरचं जुनं पॅनेल चालेल, पण अपेक्षा बेताच्या ठेवा. ही पॅनेल उजेड कमी-जास्त करायला बनवलेली असतात. ती फेज बदलतात ती जोडीला म्हणून, आणि लाल रंगाला बहुतेकदा पूर्ण एक तरंगलांबीही देत नाहीत. पिक्सेल ३२ मायक्रॉनचे असतील तर पॅनेलवर काहीही चित्र न दाखवताच तीन मीटरवरच्या भिंतीवर साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर लाल ठिपक्यांची जाळी दिसेल. ती पिक्सेलमधल्या काळ्या चौकटींची करामत. पोरं ती पाहून 'वळला, वळला' म्हणून नाचतात. खरा वळलेला ठिपका त्या जाळीच्या मधल्या जागेत, फिकट असा उमटेल. चार पिक्सेलची करवत दिली तर मूळ ठिपक्यापासून दीड सेंटिमीटरवर. करवत उलटी केली की तो दुसऱ्या बाजूला जास्त उजळ झाला पाहिजे. नाही झाला तर पॅनेल फक्त उजेडच बदलतंय. पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने डोलणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी, फिरवून पाहा.

मी मुलाच्या जागी असतो तर पॅनेल दुसऱ्या सत्रासाठी ठेवून आधी पाचराचा सेल बनवला असता, म्हणजे दोन काचांमध्ये एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड होत जाणारा लिक्विड क्रिस्टलचा थर. विद्युतवाहक लेपाच्या दोन काचा घ्यायच्या. आतल्या बाजूंना पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर द्यायचा, वाळवायचा आणि मखमलीच्या कापडाने एकाच दिशेने घासायचा. काड्या त्या घासलेल्या दिशेने लागतात. मग काचा एकमेकींवर, पण एका टोकाला १२ मायक्रॉनची प्लॅस्टिक पट्टी आणि २० मिलिमीटरवरच्या दुसऱ्या टोकाला १०० मायक्रॉनची. बारीक टोकाला पट्टी न लावता काचा टेकू दिल्या तर दोन्ही लेप शॉर्ट होतील. घासायची दिशा दोन्ही काचांवर समांतर हवी.

या पाचरातून लेझर पॉइंटर सोडला की पाच मीटरवर एका ठिपक्याचे दोन होतात, सुमारे ४ मिलिमीटर अंतरावर. पॉइंटर त्याच्या अक्षाभोवती फिरवा. एक ठिपका उजळतो, दुसरा मावळतो. एक पोलरायझेशन पूर्ण वळतं, दुसरं फक्त काचांच्या पाचरापुरतं. आता हळूहळू व्होल्टेज वाढवा. साधारण एक व्होल्टपर्यंत काहीच होत नाही. मग एक ठिपका दुसऱ्याकडे सरकू लागतो आणि पाच-दहा व्होल्टपर्यंत जवळजवळ त्याच्यावर येऊन बसतो. व्होल्टेज काढा, तो रेंगाळत, फरपटत परत जातो. चार-पाच सेकंद लागतात, कारण मधली जाडी पन्नास-पंचावन्न मायक्रॉनची. किरण पाचराच्या बारीक टोकाकडून सोडा, तो चटकन परततो. जाडीच्या वर्गाचा नियम भिंतीवर मोजून मिळतो. सेल फाइव्ह-सीबीचा असेल तर हा प्रयोग जानेवारीत करायचा की मेमध्ये, याचाही निकाल लागतो. मेमध्ये पंख्याखालीसुद्धा दोन ठिपके जवळ येत येत एकच होतात आणि व्होल्टेज वाढवलं तरी जागचे हलत नाहीत. परीक्षकांपुढे हेच मुद्दाम करून दाखवा: सेलवर हेअर ड्रायरची हवा सोडायची, ठिपके मिटलेले दाखवायचे, थंड होऊ द्यायचं, ते परत फुटतात.

व्होल्टेज देताना बॅटरी थेट जोडू नका. आतले आयन एका काचेकडे गोळा होतात आणि सेल काही दिवसांत डागाळतो. १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट द्यायची, वर-खाली अगदी सारखी. मायक्रोकंट्रोलरच्या दोन पिनांवर उलटसुलट सिग्नल देऊन सेल त्यांच्यामध्ये जोडला तर डीसीचा अंश फार राहत नाही. पण मल्टिमीटर डीसीवर ठेवून तो सेलच्या दोन टोकांवर आधी तपासा. पन्नास मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर सर्किट दुरुस्त केल्याशिवाय सेल जोडायचा नाही.